सारवणाचा खुंटा

घरात थोडी राख असेल तर ती जमिनीवर पसरा आणि शेजारी बसा. आधी मनगट टेकवून नुसती बोटं फिरवा. राखेत वाटीच्या काठाएवढी कमान उमटेल. मग कोपर टेकवून हात फिरवा. आता ताटाच्या काठाएवढी येईल. मग कोपरही उचला, हात ताठ करा आणि खांद्यापासून फिरवा. ही कमान परातीपेक्षाही मोठी. हात तोच, राख तीच. बदललं एवढंच, की कोणता सांधा जागचा हलला नाही. जो जागेवर राहिला तो गोलाचा मध्य झाला. शाळेतल्या कंपासाचंही असंच असतं. त्याचा एक पाय रोवलेला आणि एक फिरता. पण कंपासाचा रोवलेला पाय सगळ्यांना दिसतो, माणसाचा दिसत नाही.

तो न दिसणारा पाय नेमका कुठे आहे, एवढ्यावरून पौडच्या पश्चिमेला, मुळा नदीच्या काठावरच्या एका वाडीत दोन जावा वर्षभर एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. धरणाचं पाणी चढून वरची गावं बुडाली, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट आहे.

थोरली जाऊ चंद्राबाई. तिच्या सारवणाचं वाडीत नाव होतं. ज्यांनी शेणाची भुई पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की सारवताना बाईचा हात दर वेळी एक कमान काढत जातो आणि वाळल्यावर त्या कमानी भुईवर दिसतात. वाडीतल्या बाया त्यांना पंखे म्हणत. चंद्राबाईचे पंखे लहान, दाट, एकाखाली एक बसवलेले. सकाळचं तिरपं ऊन पडवीत आलं की भुईवर माशाचे खवले चमकल्यासारखे वाटत. सारवताना ती एक गुडघा भुईला टेके आणि त्यावर ओणवी होई. लुगड्याचा पदर पुढून असा आवळलेला असे, की हात कुठून फिरतो ते शेजारी बसलेल्यालाही कळत नसे.

चैत्रात भैरोबाची जत्रा असे. जत्रेच्या सकाळी देवळापुढचं पटांगण सारवायचा मान चंद्राबाईच्या घराचा. आधी तिची सासू तुळजाबाई सारवी. सासूचे गुडघे धरले तेव्हापासून चंद्राबाई सारवू लागली. सारवण झालं की पाटलीणबाई खण-नारळानं सारवणारणीची ओटी भरी आणि मगच देवाची पालखी त्या भुईवर येई. एरवी चंद्राबाई म्हणजे गेणबाची बायको, तुळजाबाईची सून, साळूची आई. त्या एका सकाळी मात्र सगळी वाडी म्हणे, "चंद्राबाईनं सारवलंय." ते ऐकायला ती वर्षभर थांबे.

मग धाकट्या दिराचं, भिकूचं लग्न झालं आणि रंभाबाई घरात आली.

रंभाबाईचं माहेर धरणात गेलेलं. कुणी गाव विचारलं की ती नाव सांगे, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. उंचीनं चांगली, हातापायानं लांब, बोलायला कमी. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं पडवी सारवली तेव्हा चंद्राबाई आत भाकरी थापत होती. बाहेरून तुळजाबाईचा आवाज आला.

"आगं चंद्रे, हितं ये! बघ तरी ही भुई. मोरानं पिसारा टाकल्यागत झालंय."

"तव्यावर भाकरी हाय, आत्याबाई."

"भाकरी काय उठून पळतीया व्हय? ये म्हणते ना."

चंद्राबाई उंबऱ्यापर्यंत आली. रंभाबाईचे पंखे थोरलेच्या थोरले होते. एकेक पंखा पडवीच्या एका कडेला सुरू होऊन दुसऱ्या कडेजवळ संपत होता आणि त्यात पाचही बोटांच्या रेषा शेवटपर्यंत एकमेकींना न शिवता गेल्या होत्या. कुठे हात अडखळलेला नाही, कुठे जोड नाही. चंद्राबाईनं सारवणात जन्म घालवला होता, त्यामुळे ते किती चांगलं आहे हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त कळलं. तेच तर दुखणं होतं.

"बरं हाय," ती म्हणाली. "जरा पातळ झालंय." आणि आत गेली.

त्या दिवसापासून घरात बारीक बारीक गोष्टी घडू लागल्या. सकाळी गाईचं ताजं शेण चंद्राबाई आधी उचले आणि रंभाबाईला म्हशीचं पातळ शेण उरे. चाळलेली तांबडी माती कणगीआड जाई. मग एक दिवस चंद्राबाईनं कामंच वाटून टाकली.

"पडवी माझ्याकडं. पावणं येत्यात, जात्यात. तू गोठा आन परसू बघ."

"बरं, आक्का," रंभाबाई म्हणाली.

तिनं गोठ्यापुढची भुई सारवायला घेतली. आठवड्याभरात पाहुणे पडवीत टेकायच्या आधी बैल बघायला म्हणून गोठ्याकडे जाऊ लागले. बैलांमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढंही चंद्राबाईनं गिळलं असतं. पण तिची लेक साळू, आठ-नऊ वर्षांची, दिवसभर काकीच्या मागे मागे असे. साळूला प्रत्येक गोष्टीचं 'कसं' विचारायची खोड होती. चंद्राबाई म्हणे, "गप ऱ्हा, काम करू दे." रंभाबाई म्हणे, "तूच बघ की." पोरीला दुसरं उत्तर आवडे.

साळूकडे एक शेळी होती, ठिपकी. माळावर खुंटा ठोकून साळूनं तिला दाव्यानं बांधलं होतं. संध्याकाळी सोडायला गेली तर हिरव्या गवतात पांढुरका गोल उमटलेला. दावं पोचेल तिथपर्यंतचं गवत शेळीनं खाल्लं होतं. बाहेरच्या गवताला तोंडही लागलं नव्हतं. साळू धावत आली.

"काकी, ठिपकीनं गोल काढलाय! कुणी न काढता!"

"दाव्याएवढाच काढला असंल."

"व्हय."

"मग आपुनबी ठिपकीच की गं. सारवताना आपला गोल कशामुळं येतोय? आपला खुंटा कुटं असंल?"

साळू विचारात पडली. दुसऱ्या दिवशी तिनं शेळीचं दावं आणलं आणि काकीच्या वाळलेल्या पंख्यावर धरून पाहिलं. दाव्याचं एक टोक पंख्याच्या कडेवर ठेवायचं, दुसरं कुठेतरी दाबून धरायचं आणि फिरवायचं. पहिल्यांदा टोक कडेच्या बाहेर गेलं. मग आत आलं. साळू दाबलेलं टोक इकडे-तिकडे सरकवत राहिली. सरकवता सरकवता एका जागी दाव्याचं टोक पंख्याच्या कडेवरून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत न घसरता गेलं. साळूनं दाबलेल्या जागी पाहिलं. तिथे भुईत एक लहानसा खळगा होता. कशाचा, ते तिला लगेच कळलं. आपण होऊन काहीतरी हुडकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो घेऊन ती काकीकडे गेली. काकी हसली आणि म्हणाली, "आता कुणाला सांगायचं न्हाई. शपथ हाय तुला."

मग साळूनं तेच दावं आईच्या पडवीत नेलं. आईचाही खुंटा तिला सापडला. चंद्राबाई दारातून पाहत होती.

"काय चाललंय गं?"

"मोजतीया. आये, काकीचं दावं लई लांब हाय. तुझं आखूड हाय."

साळूनं मोजून पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. त्यात तिची काही चूक नव्हती. पण खरं ऐकून आईचं तोंड का उतरावं, हे दाव्यानं मोजता येत नाही. चंद्राबाईनं पुढे होऊन दावं हिसकावून घेतलं.

"उद्यापास्नं काकीच्या मागं फिरायचं न्हाई. सांगून ठिवते."

"का?"

"का न्हाई आन फा न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई."

साळू गेली. त्या संध्याकाळी चंद्राबाईला भाकरी गोड लागली नाही. सासूचं कौतुक गेलं, पाहुण्यांची नजर गेली, आता पोटची पोर. उरला होता तो भैरोबाचा मान.

तोही जायची वेळ आली. जत्रा जवळ आली तशी पाटील, हैबतराव, पालखीचं ठरवायला घरी आले. येताना वाट वाकडी करून गोठ्यापुढून आले. पडवीत बसता बसता गेणबाला म्हणाले, "गेणबा, यंदा पटांगण धाकलीच्या हातनं होऊ द्या की. देवालाबी जरा नवं दिसू दे."

"होऊ द्या की," गेणबा म्हणाला. "मान घरातच ऱ्हातोय. थोरली काय, धाकली काय."

गुळपाणी घेऊन येणारी चंद्राबाई उंबऱ्यातच थांबली. पाटील गेल्यावर तिनं नवऱ्याला गाठलं.

"तुमी व्हय कसं म्हणालात?"

"आगं, भुईच तर हाय. धनगरांचं ढोल तिच्यावर नाचलं की सांजच्याला काय ऱ्हातंय?"

"मग माझी ऱ्हाऊ दे. न्हाईतरी पुसणारच हाय ना?"

गेणबाला हे काही उमजलं नाही. तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

चंद्राबाईनं ठरवलं, की आपणही तसे मोठे पंखे काढायचे. रंभीनं काढले तर आपण का नाही? परसातल्या खिडकीआड उभी राहून ती रंभाबाईचं सारवण पाहू लागली. जाऊ उकिडवी बसते, टाचेवर भार देते आणि कमरेपासून सगळं अंग फिरवते, एवढं दिसलं. पण कोणत्या टाचेवर, ते लुगड्याच्या घोळात दिसेना. चंद्राबाईनं विचार केला, हात उजवा फिरतो, म्हणजे भारही उजव्या टाचेवर असणार. हा विचार कुणालाही पटण्यासारखा होता आणि तिथेच ती चुकली.

दुपारी सगळी शेतावर गेली की ती पेंढ्याच्या खोलीत शिरे, पेंढा बाजूला सारी आणि उजव्या टाचेवर बसून हात फिरवी. पंखा निम्म्यापर्यंत झोकात येई. पुढे उजवा हात उजव्याच अंगाला जायचा म्हटला की अंग अडे, तोल जाई आणि टाच उचले. टाच उचलली म्हणजे मध्य सरकला. मध्य सरकला की गोल तिथेच मोडे. पंखा मधेच कोपर मारल्यासारखा वाकडा दिसे. चंद्राबाई पुन्हा सारवी, पुन्हा वाकडा. मग वर पेंढा पसरून बाहेर येई आणि दिवसभर रंभाबाईवर डाफरत राही.

एकदा त्याच खोलीत, कणगीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिला लहान लहान पंखे दिसले. खवल्यांसारखे, पण दबके, टोक नसलेले. साळूचा खेळ असेल, असं समजून तिनं ते पायानं घासून टाकले.

साळूलाही विचारून झालं. गुळाचा खडा हातावर ठेवून चंद्राबाई गोड आवाजात म्हणाली, "साळे, काकीचा खुंटा कुटं असतो गं?"

"सांगायचं न्हाई. शपथ हाय."

"मी आय हाय तुझी."

"व्हय. म्हणून तर तुझाबी काकीला न्हाई सांगितला," साळू म्हणाली आणि गूळ तोंडात टाकून पळाली.

जत्रेच्या दिवशी उजाडायच्या आत चंद्राबाई उठली. घमेल्यात शेण-माती कालवली, डोक्यावर घेतली आणि एकटीच देवळाकडे निघाली. रंभाबाई येईपर्यंत निम्मं पटांगण मोठ्या पंख्यांनी सारवून ठेवायचं, मग पाटील काय म्हणतील ते म्हणोत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वाकडा पंखा तिला आठवत नव्हता असं नाही. पण आज देव सांभाळून घेईल, असं तिला वाटलं.

दीपमाळेजवळ ती उजव्या टाचेवर बसली. पहिला पंखा मोडला. तिनं दात खाऊन दुसरा मोठा काढला. तोही मोडला. तिसऱ्या वेळी ती चक्क हातावर पडली. पहिला दुरुस्त करावा म्हणून वळली तर तो निम्मा वाळला होता. अर्धवट वाळलेल्या सारवणावर पुन्हा हात फिरवला की खालचा थर पापुद्र्यासारखा निघून येतो. हे ती स्वतः वाडीतल्या सुनांना शिकवत आली होती. तरी तिनं हात फिरवला आणि पापुद्रा निघाला.

"आक्का."

मागे रंभाबाई उभी होती, काखेत घमेलं. शेजारी साळू.

चंद्राबाई वळली नाही. "मान माझा हाय."

"मान तुमचा असंल. पंखा कुणाचा हाय?"

"पंख्यावर काय तुझं नाव कोरलंय?"

"माझं कशाला? आमच्या गावच्या बायांचा हाय तो. आमच्याकडं समद्या अशाच सारवायच्या. माझी आय, मावशी, पलीकडची काशी. आता एक कोकणात हाय, एकीचा पत्त्या न्हाई, आन आय तर ऱ्हायलीच न्हाई. गावाचं म्हणून माझ्याकडं एवढंच हाय. आन तुमी त्याचं हे करून ठिवलंय!" रंभाबाईनं मोडक्या पंख्याकडे बोट केलं. वर्षभरात ती एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलली होती. "आय बघती तर रडली असती." मग थांबून म्हणाली, "न्हाई. हसली असती."

"हस की मग तूबी."

"हसू येत न्हाई ना. पालखी यायचीय."

चंद्राबाई उठून उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, पदर कुठल्या कुठे.

"तू आलीस," ती म्हणाली, "आन समद्यांना तुझीच भुई दिसाया लागली. आत्याबाईंना, पाटलाला, ह्या माझ्या पोरीला. माझ्या सारवणाकडं कुणी वाकूनसुदिक बघत न्हाई."

रंभाबाईनं काखेतलं घमेलं सावरलं. मग खाली बघून म्हणाली, "मी बघते."

"काय बघतीस?"

उत्तर साळूनं दिलं. "काकी कणगीमागं करून बघती, आये. तुझ्यासारखं बारीक. तिला येतच न्हाई."

"साळे!" रंभाबाई ओरडली.

"खुंट्याचं कुटं सांगितलंय? हे येगळंच हाय."

चंद्राबाईला ते दबके पंखे आठवले, आपण पायानं घासून टाकलेले. ती जावेकडे बघत राहिली. जिच्यावर आपण वर्षभर जळलो, ती आपल्यावर जळत होती, हे कळल्यावर माणसाला आतून जो गारवा वाटतो तो काही फार चांगला नसतो. पण वाटतो. चंद्राबाईला तो पायाच्या तळव्यापर्यंत वाटला.

"दबकं येतंय तुझं," ती जाणत्या आवाजात म्हणाली. "खवल्याला टोक लागतं."

"ते कसं आणायचं?"

"सांगीन की. आधी टाचेचं सांग."

"आधी तुमी सांगा. थोरल्या तुमी हाय."

"थोरलीनं इचारायचं आसतं. धाकलीनं सांगायचं."

"हे कुटलं शास्तर?"

"आमच्या घरचं."

"मग मीबी त्याच घरची हाय. न्हाई सांगत."

दोघी घमेली घेऊन समोरासमोर उभ्या. तेवढ्यात देवळाच्या पायरीवरून, काठी टेकत आलेल्या तुळजाबाईचा आवाज आला.

"आगं भवान्यांनो! शेण वाळतंय!"

सगळ्यांत आधी साळूचा धीर सुटला. ती आईपुढे उकिडवी बसली आणि स्वतःच्या पायावर थाप मारून म्हणाली, "आये, उजवी न्हाई! डावी टाच! काकीचा खुंटा डाव्या टाचेत हाय. आन काकी, तू नुसतं मनगट फिरवतीस. आयेचं कोपर गुडघ्याला चिकटल्यालं असतंय. तिचा खुंटा कोपरात हाय. झालं? सुटली शपथ. आता सारवा."

दोघी जावांनी घमेली खाली ठेवली.

करून पाहायचं असेल तर पाहा. उजव्या टाचेवर बसलात तर उजवा हात आणि मध्य एकाच अंगाला येतात. हाताला फिरायला जागा उरत नाही. डाव्या टाचेवर बसलात तर डाव्या टाचेपासून उजव्या बोटांपर्यंत सगळं अंग मधे येतं. दाव्याला अंगाची रुंदी जोडली जाते. गोल मोठाही होतो आणि तोलही सांभाळतो. कोपराचं उलट. कोपर गुडघ्याला बांधलेलं असलं की हाताला भटकायला वाव नाही, म्हणून प्रत्येक खवला शेजारच्यासारखा येतो. दोघींचंही गणित बरोबर होतं, आणि दोघींनीही ते कधी गणित म्हणून मांडलं नव्हतं. अंगात होतं तेवढंच.

चंद्राबाई डाव्या टाचेवर बसली. हात फिरवला. पंखा या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड आला.

"आगं बया," ती स्वतःशीच म्हणाली.

तिला आणखी दहा काढावेसे वाटले असतील, पण ऊन चढत होतं. एका कडेनं रंभाबाईनं मोठे पंखे धरले. दोन गोल शेजारी आले की मधे त्रिकोणी फट उरते. त्या फटीत चंद्राबाई आपले खवले बसवत गेली. काम करताना दोघी बोलल्या त्या एवढंच:

"सरक जरा."

"तुमीच सरका, आक्का."

दीपमाळेजवळचे वाकडे पंखे आणि तो पापुद्रा तसाच राहिला. त्याला इलाज नव्हता.

पाटलीणबाई, सारजाबाई, ओटीचं ताट घेऊन आल्या तेव्हा पटांगण वाळत आलं होतं. मागे वाडीतल्या बाया. सारजाबाई कडेला उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणी सारवलं गं?"

"मी," चंद्राबाई म्हणाली.

"मी," रंभाबाई त्याच वेळी म्हणाली.

बाया हसल्या. सारजाबाईंच्या ताटात एकच खण आणि एकच नारळ होता. त्यांनी दीपमाळेकडे पाहिलं.

"आन हे वाकडं कुणाचं?"

रंभाबाईला सांगता आलं असतं. ती भुईकडे बघत उभी राहिली. साळूनं तोंड उघडलं आणि रंभाबाईनं तिला हळूच चिमटा काढला. चंद्राबाईनं तो चिमटा पाहिला.

"ते माझं," चंद्राबाई म्हणाली. "उजव्या टाचेवर बसले व्हते. मोठं ते हिचं हाय, हिच्या गावाकडचं. मला आज सकाळपातुर येत नव्हतं."

सारजाबाईंना टाचेचं काही कळलं नाही. रीतीप्रमाणे थोरलीची ओटी भरायची म्हणून त्यांनी चंद्राबाईचीच ओटी भरली. पण ओटी भरताना बाया मोठ्या पंख्यांकडे बोटं दाखवून बोलत होत्या, "रंभीनं काय काढलंय बघ!" चंद्राबाईच्या ओटीत नारळ होता आणि पोटात पुन्हा तीच आग. एका सकाळीत ती कशी जाणार?

पालखी आली. ढोल वाजू लागले, धनगर फेर धरून नाचले आणि त्यांच्या पावलांखाली मोठे पंखे, लहान खवले, वाकडं आणि सरळ सगळं एक होऊन गेलं. सांजच्याला भुईवर त्यांच्या पावलांचा एक भलामोठा गोल तेवढा उरला. साळू त्याच्या मध्याशी जाऊन उभी राहिली. तिथे ढोलवाला उभा असायचा.

घरी परतताना दोघी जावा पुढे-मागे चालत होत्या. वाटेत चंद्राबाई मागे न वळता म्हणाली, "पुढच्या साली माझा पंखा तुझ्यापरीस थोरला येतो का न्हाई, बघ."

"न्हाई येणार," रंभाबाई म्हणाली. "दावं आखूड हाय तुमचं, आक्का."

चंद्राबाई थांबली. रंभाबाईही थांबली. आता काय होतं म्हणून साळू दोघींच्या मधे आली.

"आखूड तर आखूड," चंद्राबाई म्हणाली. "तुझ्या खवल्याला टोक तरी येतं का?" तिनं ओटीतला नारळ काढून रंभाबाईच्या हातात ठेवला. "धर हे. जड लागतंय. आन उद्या सकाळी लवकर ऊठ. गाईचं शेण दोघींत घ्यायचंय."

"गाईचं?" रंभाबाईनं विचारलं.

"निम्मं," चंद्राबाई म्हणाली आणि पुढे चालू लागली.